वसईचे संत गोन्सालो गार्सिया : अल्पचरित्र

ह्या स्मरणिकेंत एखाद्या संताचें चरित्र असावें अशी इच्छा महोत्सव मंडळानें आम्हांपाशीं प्रकट केली, तेव्हां कोणाचें चरित्र लिहावें ह्याचा विचार आम्हांस फार वेळ करावा लागला नाहीं. गेल्या वर्षीं ६ फेब्रुवारीस, संत गोन्सालो गार्सिया यांच्या सणाच्या दिवशीं, मिस्सा आटोपल्यावर आम्हीं धर्मशिक्षणाच्या वर्गांतील मुलांस विचारिलें कीं, ह्या संतांनीं काय केलें. सर्वांनीं एका स्वरांत सांगितलें कीं, ते क्रुसावर मेले. त्याच्या आधीं काय केलें, असें विचारतांच वर्ग गप्प झाला. मागच्या रांगेंतील एका लहान मुलीनें मात्र थोडा वेळ विचार करून उत्तर दिलें कीं, त्याच्या आधीं ते जिवंत होते. मुलें खो खो हंसलीं. आम्हीही हंसलों. परंतु रात्रीं निजण्यापूर्वीं तें उत्तर पुन्हा आठवलें, आणि त्या मुलीनें आमच्या पुष्कळशा प्रवचनांतील उणीव दाखवून दिली असें आम्हांस वाटलें. संतांचा मृत्यु आम्ही वर्षानुवर्षें सांगत आलों. ते जिवंत होते तेव्हां सकाळीं उठून काय करीत, हें सांगावयाचें राहून गेलें.

गोन्सालो गार्सिया सुमारें चाळीस वर्षें जगले. त्या चाळीस वर्षांत क्रुसाची सकाळ एकच होती. बाकीच्या हजारों सकाळीं त्यांनीं कशांत घालविल्या, तेंच येथें मुख्यत्वेंकरून सांगण्याचा आमचा हेतु आहे.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यांतील पुष्कळ वाचकांनीं वसई पाहिलेली नसेल. मलकापूर किंवा शेगांव स्टेशनावर मुंबईच्या गाडींत बसावें, आणि मुंबईस पोहोंचल्यावर तेथून उत्तरेस समुद्राच्या कांठानें जावें, म्हणजे वसई लागते. आज तेथें किल्ल्याच्या पडक्या भिंती, छप्पर नसलेलीं चर्चें आणि त्यांवर वाढलेलीं झाडें दिसतात. १५३४ सालीं गुजरातचा सुलतान बहादूरशहा ह्यानें वसई पोर्तुगीजांस दिली. १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं ती त्यांच्याकडून जिंकून घेतली. ह्या दोनशें वर्षांच्या अवधींत तें मोठें गजबजलेलें शहर होतें. तेथेंच १५५७ च्या सुमारास गोन्सालो जन्मले. पिता पोर्तुगीज शिपाई, माता त्याच भूमींतील स्त्री. म्हणजे जो मुलगा पुढें वेदीवर चढला, तो ह्या मातीचाच होता. त्याच्या कानीं पडलेले पहिले शब्द आपल्याच कोंकणपट्टींतल्या बायकांच्या तोंडचे असले पाहिजेत. त्यांचें शिक्षण वसईंतील येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखालीं झालें.

१५७२ सालीं, पंधरा वर्षांच्या वयांत, फादर सेबास्तियन गोन्साल्विस ह्यांच्याबरोबर ते जपानास निघाले. त्यापूर्वीं तेवीस वर्षें, १५४९ च्या १५ ऑगस्ट रोजीं, संत फ्रान्सिस झेवियर जपानच्या कागोशिमा बंदरांत उतरले होते, आणि तेव्हांपासून तेथें ख्रिस्ती मंडळी वाढत होती. वसईहून जपान म्हणजे कित्येक महिन्यांचा समुद्रप्रवास. वाटेंत वादळें, रोग, चांचे. पंधरा वर्षांच्या मुलास आईनें निरोप कसा दिला असेल, ह्याचा विचार ज्या माउलींनीं आपलीं मुलें कामासाठीं पुण्यास किंवा सुरतेस पाठविलीं आहेत त्यांनीं आपल्या मनाशीं करावा.

जपानांत त्यांनीं पहिली गोष्ट केली ती ही कीं, ते भाषा शिकले. वाचकांस हें क्षुल्लक वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. आम्ही मूळचे ह्या जिल्ह्याचे नव्हों. येथें प्रथम आलों तेव्हां आमचें पुस्तकी मराठी ऐकून म्हातारीं माणसें मान डोलवीत व घरीं जाऊन एकमेकांस विचारीत कीं, फादर काय म्हणाले. वऱ्हाडी बोलींत कोणी आपलें दुःख सांगूं लागलें कीं आम्हीही निम्मेंच समजत असूं. परक्याची भाषा शिकावयाची म्हणजे प्रौढ माणसानें पुन्हा मूल होणें; रोज चुकावें, रोज हंसून घ्यावें, आणि तरी दुसऱ्या दिवशीं तोंड उघडावें. हें नम्रतेचें शिक्षण आहे, आणि तें सेमिनरींत मिळत नाहीं. गोन्सालोंनीं तें इतक्या चिकाटीनें घेतलें कीं, जपानी लोकांत ते जपानी माणसासारखे बोलूं लागले. आठ वर्षें ते येशूसंघीय फादरांबरोबर धर्मशिक्षक म्हणून हिंडले. आपल्या खेड्यांतून कॅटेकिस्ट मास्तर जें काम करतात तेंच हें काम: मुलांस प्रार्थना शिकवावयाच्या, आजाऱ्याच्या घरीं बसावयाचें, फादर येण्यापूर्वीं माणसें जमवावयाचीं, आणि फादर गेल्यावर त्यांनीं काय सांगितलें तें पुन्हा एकदां लोकांच्या भाषेंत समजावून द्यावयाचें. ह्या कामाचा गवगवा होत नाहीं. उत्सवाच्या दिवशीं हार फादरांच्या गळ्यांत पडतो.

ह्या आठ वर्षांत गोन्सालोंच्या मनांत एकच इच्छा होती. आपणही येशूसंघांत प्रवेश करावा, व्रतें घ्यावींत, ज्यांच्याबरोबर आपण राबलों त्यांच्यांतील एक व्हावें. ती इच्छा पुरी झाली नाहीं. त्यांस घेतलें गेलें नाहीं. त्या काळीं ह्या देशांत जन्मलेल्या माणसास संघांत प्रवेश मिळणें अति कठीण होतें, हें इतिहास वाचणाऱ्यांस ठाऊक आहे. मंडळीचा सेवक म्हणवून घेणारे आम्ही धर्मगुरु ही गोष्ट लिहितांना लेखणी आखडती घेत नाहीं. पवित्र मंडळींतील माणसें माणसेंच असतात, आणि ज्यांना त्यांनीं दारांतून परत पाठविलें त्यांतील एकास पुढें त्याच मंडळीनें वेदीवर बसविलें.

येथें आमची स्वतःची एक आठवण सांगावी असें वाटतें. आम्ही सेमिनरींत होतों त्या वेळीं आमच्याच बांकावर बसणारा एक विद्यार्थी एके दिवशीं घरीं पाठविला गेला. कारण काय तें आम्हांस कधीं कळलें नाहीं. विचारण्याची छाती कोणासही झाली नाहीं. त्यानें आपली पत्र्याची पेटी उचलली, आणि आम्ही अठरा जण खिडकींतून त्याच्याकडे पाहत राहिलों. खालीं उतरून त्याच्याबरोबर फाटकापर्यंत कोणी गेला नाहीं. आम्हीही गेलों नाहीं. ह्या गोष्टीस तीस वर्षें झालीं. तथापि गोन्सालोंच्या चरित्राच्या ह्या ठिकाणीं आलों कीं ती पेटी आमच्या डोळ्यांसमोर उभी राहते. तो मित्र आज आपल्या गांवीं शेती करतो, आणि गांवांत कोणाचें मयत झालें कीं रात्रभर बसणारा पहिला माणूस तोच असतो. त्यानें आम्हांस क्षमा केली आहे. आम्हीं विचारल्याशिवाय केली आहे.

नाकारला गेलेला माणूस पुष्कळदां देवावर रुसतो. चर्चचें तोंड पाहत नाहीं. गोन्सालो रुसले नाहींत. ते व्यापार करूं लागले. त्या काळीं मकाव बंदरांतून चिनी रेशीम जपानास जाई व जपानची चांदी परत येई, आणि १५७१ पासून पोर्तुगीज जहाजें ज्या बंदरांत येऊं लागलीं तें नागासाकी ह्या व्यापाराचें मोठें ठाणें झालें होतें. भाषा येणारा, दोन्ही बाजूंचे रिवाज जाणणारा, शब्दाचा पक्का माणूस अशा बाजारांत लौकर पुढें येतो. गोन्सालोही आले. त्यांचा व्यापार वाढला, हातांत पैसा खेळूं लागला. चरित्रकार सामान्यतः हीं वर्षें एका वाक्यांत गुंडाळून टाकतात, जणूं काय संताच्या आयुष्यांतील हा रिकामा भाग होय. आम्हांस हा भाग फार मोलाचा वाटतो. खामगांवच्या बाजारांत कांट्यावर कापूस घालून बाजूस उभा राहिलेला शेतकरी कांट्याकडे ज्या नजरेनें पाहतो, ती नजर ज्यानें पाहिली आहे, त्यास सांगावें लागत नाहीं कीं वजन खरें असणें ही किती मोठी प्रार्थना आहे. ज्यास मिस्सा सांगतां आली नाहीं, व्रत घेतां आलें नाहीं, त्यानें कांहीं वर्षें वखारींत आणि जहाजावर देवाची सेवा केली. त्या वर्षांनीं त्यांचें मन विटलें नाहीं, ह्याचा पुरावा पुढें आहेच.

व्यापाराच्या निमित्तानें ते फिलिपाइन्स बेटांतील मनिला शहरीं जाऊं लागले. तेथें संत फ्रान्सिसच्या संघांतील अनवाणी चालणारे बंधु त्यांनीं पाहिले. त्यांची गरिबी ढोंगाची नव्हती. जें मिळे तें गरिबांस वाटून ते आपण भिक्षेवर राहत. वयाची तिशी ओलांडलेल्या ह्या यशस्वी व्यापाऱ्यानें आपला व्यापार गुंडाळला, मालमत्ता सोडली आणि ह्या संघाच्या दारावर थाप मारली. ह्या वेळीं दार उघडलें. परंतु कोणत्या पदावर, तेंही लक्षांत घ्यावें. ते फादर झाले नाहींत. सहायक बंधु झाले. आपण ज्यांस ब्रदर म्हणतों ते. मठांत ब्रदरच्या वांट्यास स्वयंपाक, झाडलोट, दार उघडणें, आजाऱ्याची शुश्रूषा, झोळी घेऊन भिक्षा मागणें, हीं कामें येतात. ज्याच्या हुकुमानें कालपर्यंत गांठोडीं उचललीं जात, तो आतां स्वतः गांठोडीं उचलूं लागला. आमच्या अल्प अनुभवानें आम्ही सांगतों कीं, मालमत्ता सोडणें तितकें कठीण नसतें. हुकूम सोडणें फार कठीण असतें. पंगतींत बसून जेवणें सोडून पंगतीस वाढूं लागणें ज्यास आनंदानें जमलें, त्याचें अर्धें काम झालें.

१५९३ सालीं मनिलाच्या स्पॅनिश सुभेदारानें जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी ह्याच्याकडे वकील म्हणून फादर पेद्रो बाप्तिस्ता ह्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंस पाठविलें. बरोबर कोण जाणार? जपानी भाषा उत्तम जाणणारा ब्रदर मठाच्या कामांत होताच. अशा रीतीनें, ज्या देशांतून निराश होऊन गोन्सालो निघाले होते, त्याच देशास ते दुभाषी म्हणून परत गेले. हिदेयोशी त्या वेळीं कोरियावर स्वारी करण्याच्या उद्योगांत क्यूशू बेटावरील नागोया येथें तळ देऊन होता. त्यानें १५८७ सालींच धर्मोपदेशकांस देशाबाहेर जाण्याचा हुकूम दिला होता, जरी तो पुरता अमलांत आला नव्हता. अशा लहरी व बलाढ्य पुरुषापुढें बसून एका बाजूचे शब्द दुसऱ्या बाजूस पोहोंचविण्याचें काम वसईच्या ह्या ब्रदरकडे आलें. दुभाष्याचें काम विलक्षण आहे. त्याचा स्वतःचा एकही शब्द त्यांत नसतो. तरी एक शब्द कमीअधिक झाला तर माणसें मरतात. आपल्याकडे सातबारा किंवा कचेरींतून आलेला कागद घेऊन अडाणी म्हातारा शिकलेल्या पोराच्या दारीं जातो, आणि तो पोर जें वाचून सांगेल त्यावर आपला अंगठा उठवितो. त्या क्षणीं तो पोर गोन्सालोंच्या जागीं असतो. त्यानें खरें वाचावें, सगळें वाचावें, आणि त्याबद्दल चहासुद्धां मागूं नये.

हिदेयोशीनें ह्या मंडळीस क्योतो शहरांत राहण्याची परवानगी दिली. १५९४ मध्यें तेथें त्यांचा मठ व चर्च उभें राहिलें, आणि त्यालगत संत आन्ना व संत योसेफ ह्यांच्या नांवानें दवाखाने निघाले. ह्या दवाखान्यांत मुख्यत्वेंकरून महारोग्यांस ठेवीत. महारोग्यास घरच्यांनीं टाकलेलें असे. तो कोणाच्या दारांत उभा राहिला तर दार बंद होई. त्यांच्या जखमा धुवावयाच्या, त्यांस जेऊं घालावयाचें, त्यांच्याशीं त्यांच्याच भाषेंत दोन शब्द बोलावयाचे. इतर ब्रदर स्पेन देशाचे. त्यांस भाषा नुकतीच येऊं लागलेली. तेव्हां रोगी काय म्हणतो, त्यास कोठें दुखतें, रात्रीं झोंप कां लागली नाहीं, हें ऐकून घेण्याचें काम ओघानेंच गोन्सालोंकडे येत असलें पाहिजे. कागोशिमाहून क्योतोपर्यंत पसरलेल्या त्या मोठ्या इतिहासांत राजे आहेत, आरमारें आहेत, वकिलाती आहेत. आमचें मन मात्र ह्या दवाखान्याच्या ओसरीवर रेंगाळतें. विदर्भांतील माणसांस ही ओसरी अनोळखी नाहीं. वर्ध्याजवळ दत्तपूर येथें मनोहरजी दिवाण, अमरावतीच्या तपोवनांत डॉक्टर शिवाजीराव पटवर्धन, वरोऱ्याच्या आनंदवनांत बाबा आमटे, ह्यांनीं आपल्या डोळ्यांदेखत किंवा आपल्या वडिलांच्या डोळ्यांदेखत हेंच काम केलें. ते आपल्या धर्माचे नव्हते, तरी ज्या ओसरीवर ते बसले ती एकच आहे, असें आम्ही निःशंकपणें म्हणतों.

येथें एका वादाचा उल्लेख केला पाहिजे. १५८७ च्या हुकुमानंतर येशूसंघीय फादर सावधपणें, फारसा गाजावाजा न करतां काम करीत होते. फ्रान्सिस्कन बंधु उघडपणें मिस्सा करीत, घंटा वाजवीत, उपदेश करीत. दोन्ही संघांत त्यावरून मतभेद होता, आणि आजही इतिहासकार त्यावर भांडतात. कोण बरोबर होता तें ठरविण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. दोन्ही संघांचीं माणसें शेवटीं एकाच टेकडीवर एकाच रांगेंत उभीं केलीं गेलीं, एवढें मात्र खरें.

१५९६ च्या ऑक्टोबरांत मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेलें सान फेलिपे नांवाचें स्पॅनिश जहाज वादळांत सांपडून जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्यास लागलें. त्यांतील मौल्यवान माल हिदेयोशीनें जप्त केला. त्या प्रसंगीं जहाजावरील एका खलाशानें बढाई मारली कीं स्पेनचा राजा आधीं धर्मगुरु पाठवितो व मागून सैन्य, असें सांगतात. कारण कांहीं असो, हिदेयोशीचा संशय जागा झाला. डिसेंबरांत क्योतो व ओसाका येथील मठांभोंवतीं पहारे बसले. पुढील जानेवारीच्या आरंभीं कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांस गाड्यांत घालून शहरांतून मिरविलें, आणि मग नागासाकीच्या वाटेस लाविलें. सुमारें आठशें किलोमीटरांचा रस्ता, कडाक्याची थंडी. येथून मुंबईस पायीं जावें आणि पुन्हा निम्म्याहून अधिक वाट माघारीं यावें, एवढें तें अंतर. त्यास जवळजवळ एक महिना लागला.

ते कैदी कोण होते, हें पाहावें. सहा फ्रान्सिस्कन, त्यांत आपले गोन्सालो. तीन जपानी येशूसंघीय. आणि बाकीचे सतरा जण साधे जपानी प्रापंचिक व मुलें. त्यांत एक स्वयंपाकी होता. एक वैद्य होता. एक तरवारींचें काम करणारा, एक धनुष्यें तयार करणारा. लुई इबाराकी नांवाचा मुलगा बारा वर्षांचा होता. निघाले तेव्हां ते चोवीस होते. वाटेंत त्यांस मदत करण्यासाठीं बरोबर चालणारे आणखी दोघे पकडले गेले, त्यांतील एक सुतार होता. धनुष्यें करणाऱ्या मिगेल कोझाकीबरोबर त्याचा चवदा-पंधरा वर्षांचा मुलगा तोमास होता. ह्या मुलानें वाटेंत आपल्या आईस एक पत्र लिहिलें. त्यांत तत्त्वज्ञान नाहीं. आपल्या धाकट्या भावांची नीट काळजी घे, त्यांचा धर्म सुटूं देऊं नकोस, असा त्याचा आशय आहे. पत्र आईस पाठविण्याची संधि मिळाली नाहीं. तें पुढें बापाच्या कपड्यांत रक्तानें भिजलेलें सांपडलें. मरणाच्या वाटेवर चालणारा मुलगा धाकट्या भावांचा विचार करतो, कारण घरीं तो रोज तोच विचार करीत आला होता. मरतांना माणूस नवीन कांहीं करीत नाहीं. जें रोज करीत आला तेंच करतो. हे सव्वीस जण ज्यांनीं घडविले, ते हात दवाखान्याचे, मुदपाकखान्याचे आणि धर्मशिक्षणाच्या वर्गाचे होते, आणि त्या हातांत गोन्सालोंचे हात होते.

१५९७ च्या ५ फेब्रुवारीस, बुधवारीं, नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस उभे केले गेले. कैद्यांस दोरांनीं व लोखंडी कड्यांनीं बांधून क्रूस वर चढविले, आणि भाल्यांनीं सर्वांचा अंत केला. जवळच तें बंदर होतें जेथें गोन्सालोंनीं व्यापारी असतांना जहाजें येतांजातांना पाहिलीं असतील. ह्या सकाळीविषयीं पुष्कळांनीं पुष्कळ लिहिलें आहे. आम्ही येथें अधिक लिहीत नाहीं.

पोप आठवे उर्बान ह्यांनीं १६२७ सालीं ह्या सव्वीस जणांस धन्य म्हणून, व पोप नववे पायस ह्यांनीं १८६२ च्या ८ जून रोजीं संत म्हणून घोषित केलें. भारतभूमींत जन्मलेला पहिला संत तो हाच. त्यानंतर आपल्या देशांतील दुसऱ्या व्यक्तीस, केरळच्या भगिनी आल्फोन्सा ह्यांस, हा मान २००८ सालीं मिळाला. मध्यें एकशें सेहेचाळीस वर्षें गेलीं.

परंतु ह्या चरित्राचा शेवट आम्ही रोमपाशीं करूं इच्छीत नाहीं. १६१४ सालीं जपानांत ख्रिस्ती धर्मावर संपूर्ण बंदी आली. सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत शेवटचा धर्मगुरूही मारला गेला. त्यापुढें दोनशें वर्षांहून अधिक काळ त्या देशांत मिस्सा नाहीं, पापनिवेदन नाहीं, फादर नाहीं. सर्वांनीं मानलें कीं तेथील मंडळी नष्ट झाली. मग १८६५ मध्यें नागासाकींतील ओउरा येथें परदेशी लोकांसाठीं नवें चर्च बांधलें गेलें. तें ह्याच सव्वीस संतांस अर्पण केलेलें आहे. त्या वर्षीं १७ मार्च रोजीं जवळच्या उराकामी खेड्यांतील कांहीं शेतकरी बायका-पुरुष चर्चमध्यें आले, आणि तेथील फ्रेंच धर्मगुरु फादर पेतिजां ह्यांस त्यांनीं हळूच सांगितलें कीं आपलें अंतःकरण व तुमचें अंतःकरण एकच आहे. मग त्यांनीं पवित्र मरियेची मूर्ति कोठें आहे असें विचारलें. सात पिढ्या त्यांनीं गुप्तपणें धर्म राखला होता. कसा राखला? आजीनें नातवास प्रार्थना शिकविली. गांवांतील एका गृहस्थानें मुलांस स्नानसंस्कार दिला, दुसऱ्यानें उपवासाचे व सणांचे दिवस मोजले. जेवणाआधीं मनांतल्या मनांत क्रुसाची खूण केली. एवढेंच. बंदी १८७३ सालीं उठली.

आम्ही महिन्यांतून एकदां लोणार व मेहकरकडील खेड्यांत मिस्सेसाठीं जातों तेव्हां ही गोष्ट आम्हांस आठवते. कांहीं ठिकाणीं दोनतीनच कुटुंबें आहेत. पावसाळ्यांत नाले भरले तर दोन दोन महिने तेथें जाणें होत नाहीं. अशा एका घरीं आम्हीं गेल्या श्रावणांत गेलों असतां, घरची म्हातारी चुलीपाशीं भाकरी थापीत होती, आणि प्रत्येक भाकरी तव्यावर टाकण्याआधीं बोटानें तिच्यावर लहानसा क्रूस काढीत होती. हें कोणी शिकविलें, असें आम्हीं विचारलें. तिला आठवेना. सासूनें शिकविलें असेल, असें ती म्हणाली, आणि सासूस कोणी शिकविलें तें तिला ठाऊक नव्हतें. आम्हीं तें आमच्या डायरींत लिहून ठेविलें आहे. कां, तें आम्हांसही नीट सांगतां येणार नाहीं. त्या घरच्या सुनेनें आम्हांस सांगितलें कीं शेजारची बाई बाळंतपणांत अडली तेव्हां रात्रीं हीच म्हातारी कंदील घेऊन गेली होती, आणि त्या दोन घरांत बांधावरून चार वर्षें बोलणें बंद होतें.

१९६२ सालीं, संतपदाच्या घोषणेस शंभर वर्षें झालीं तेव्हां, निशिझाका टेकडीवर सव्वीस मूर्तींचें मोठें स्मारक उभारलें गेलें. वसईस त्यांच्या नांवाचें चर्च आहे, कॉलेज आहे. आपल्या धर्मग्रामांत त्यांची एक तसबीर आहे, ती संस्कारखोलींत कपाटामागें होती. महोत्सवाच्या सफाईंत ती सांपडली. कांच फुटलेली होती, ती बदलून घेतली आहे. चित्रांत ते क्रुसावर आहेत. दुसरें चित्र मिळालें असतें तर आम्हांस हवें होतें, ओसरीवर बसलेल्या ब्रदरचें. परंतु तसें चित्र कोणी काढलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं. त्या मागच्या रांगेंतील मुलीस आम्हीं तें काढावयास सांगितलें आहे. तिनें रंगांच्या कांड्या मागितल्या, त्या दिल्या.

येत्या ६ फेब्रुवारीस ह्या संतांच्या सणाची मिस्सा सकाळीं नसून सायंकाळीं सात वाजतां होईल. ते दिवस हरभरा सोंगणीचे असतात, आणि सकाळीं मजुरी बुडवून कोणी यावें अशी आमची इच्छा नाहीं. शेतांतून थेट आलेल्यांनीं कपडे बदलण्यासाठीं घरीं जाण्याची गरज नाहीं. आवारांतील नळावर हातपाय धुण्याची व्यवस्था केली आहे.